मातोश्रींच्या हसऱ्या तसबिरीची बखर

वाचणारास सुख असो, ऐकणारास स्वस्थता असो, आणि ज्याचे घरी संगणक आहे त्याचे मस्तकास विशेष थंडावा असो. हा मजकूर लिहावयाचे कारण ऐसे जे, थोरले सरकार, वीजकेंद्राचे माजी पाळीप्रमुख, यांचे महालातील पॅसेजात मातोश्रींची तसबीर होती, ती खिळ्यावरून उतरली, आणि पुनः खिळ्यावर चढेपर्यंत जे रण माजले, जे सरदार लढले, आणि ज्यांनी नुसताच चहा घेतला, त्या सर्वांचे वर्तमान जैसे घडले तैसे लिहून ठेवावे, कोणाची भीड धरू नये. तिथी लिहावयाची चाल आहे खरी, परंतु भिंतीवरील कॅलेंडराचे पान कोणीच उलटले नव्हते, सबब तो तपशील गाळला आहे.

महाल म्हणजे तीन खोल्या, स्वयंपाकघर, बाल्कनी, आणि या सर्वांस जोडणारा बिनखिडकीचा लांब पॅसेज, जेथे भर दुपारीही दिवा लावल्यावाचून आपले पाऊल आपणांस दिसत नाही. महालातील सर्व वायर थोरल्या सरकारांनी स्वहस्ते ओढलेली. हयात वीजकेंद्रात गेली, सबब वीज ही काय चीज आहे ते त्यांस पुरते ठाऊक, आणि इतर कोणास ठाऊक नाही ऐसी त्यांची खातरजमा. त्यांचे राज्याचा कायदा एकच: जेथे माणूस नाही तेथे दिवा नाही. दिवसातून कैक वेळा सरकारांची गस्त महालातून फिरे, आणि गस्तीमागोमाग अंधार पडत जाई. मातोश्री निवर्तल्यावर लेक आणि जावई सरकारांपाशी येऊन राहिले, तेव्हा पहिल्याच सकाळी जावईबुवा बाथरूमात तोंडास साबण लावून उभे असता दिवा गेला, कारण त्यांनी आतून काही आवाज केला नव्हता. तेव्हापासून ते आंघोळ करताना गातात.

आता तसबिरीचे वर्णन. तरुणपणी स्टुडिओत काढलेली. सरकार कोट घालून, खांबासारखे ताठ, आणि शेजारी मातोश्री तोंड भरून हसताहेत. मातोश्रींचा पुढला एक दात शेजाऱ्यावर चढलेला, सबब कॅमेरा दिसला की त्या ओठ घट्ट मिटीत, आणि लेकीच्या लग्नाचे सबंध अल्बमात त्या तोंडात लवंग धरल्यासारख्या उभ्या आहेत. दात दाखवून हसलेल्या अशा त्या या एकाच तसबिरीत. उन्हाने रंग उडू नये म्हणोन सरकारांनी ती हॉलात न लावता पॅसेजात लावली, आणि गस्तीवर असता आधी तिजकडे एक नजर टाकीत, मग दिवा मालवीत.

एके सकाळी सरकार फिरावयास बाहेर पडले असता लेकीस, म्हणजे यापुढे जिला आम्ही बाईसाहेब म्हणू तिला, फ्रेमच्या काचेआड ओल दिसली. पुसावी म्हणोन तिने फ्रेम उघडली, तो तसबीर काचेस चिकटलेली. हळू ओढली, येईना. मग जरा जोर लावला, तेव्हा आली, परंतु मातोश्रींचे ओठ, दात आणि डावा गाल काचेवरच राहिले, आणि चेहऱ्याचे जागी पांढरे भगदाड पडले. बाईसाहेब एका हातात काच आणि एका हातात आई घेऊन तेथेच फरशीवर बसल्या आणि ढसढसा रडल्या. हे लिहिताना बखरकाराचाही हात जड होतो.

इतक्यात सरकार परतले. बाईसाहेबांनी दोन्ही तुकडे ओढणीखाली घेतले. सरकारांची नजर थेट रिकाम्या खिळ्यावर गेली.

"फोटो कुठे गेला?"

"फ्रेम कुजली होती, अप्पा. फ्रेमवाल्याकडे टाकलाय."

"असं? मला सांगायचंस तरी. कधी देतो म्हणाला?"

"देईल दोन दिवसांत."

सरकारांनी मान डोलाविली, खिळा बोटाने चाचपून पक्का असल्याची खात्री केली, आणि पॅसेजातील दिवा मालवून आत गेले. खोटे बोलणे बाईसाहेबांचे अंगी नाही, सबब दिवसभर त्या पॅसेजातून जाणे टाळीत राहिल्या.

त्याच संध्याकाळी बंद दाराआड मसलत बसली. जावईबुवांस सेनापतीपद मिळाले, कारण दुसरा उमेदवार नव्हता. मसलतीत ठरले की फाटकी तसबीर आणि काचेवर चिकटलेला तुकडा, दोन्ही स्कॅनरवर घालून संगणकात घ्यावी, आणि तसबिरी दुरुस्त करणारे जे सॉफ्टवेअर, ज्यास घरात लाडाने चितारी म्हणत, त्याचे हातून दोहोंचा सांधा जुळवून नवी तसबीर छापावी, आणि सरकारांस कानोकान खबर लागू देऊ नये. स्कॅन करतेवेळी सेनापतींनी हौसेने सर्वांत मोठा आकार निवडला. तेव्हा फाइल ऐसी जंगी निघाली की मातोश्रींची एकेक पापणी स्वतंत्र मोजून घ्यावी, आणि चितारीने गयावया केली की एवढा पसारा मांडावयास जागा नाही. संगणकातील सर्व जागा सेनापतींनी साठविलेल्या क्रिकेट सामन्यांनी व्यापिली होती. एकही सामना पुसण्यास त्यांनी साफ नकार दिला, आणि त्याऐवजी बाहेरून जोडावयाची एक मोठी डिस्क आणून चितारीस हुकूम केला की पसारा यापुढे हिच्यावर मांडावा. डिस्कचा प्लग खोचावा तर टेबलाजवळील सॉकेटे सर्व भरलेली. मग दाराखालून वायर काढून तो पॅसेजातील सॉकेटात खोचला, डिस्कवर निळा दिवा लुकलुकू लागला, आणि मोहिमेस तोंड लागले.

बाईसाहेबांनी माऊस धरिला आणि गालापासून आरंभ केला. काचेवरील तुकडा उचलावा, कडेशी कडा भिडवावी, डाग पुसावे, छटा मिळवावी, ऐसे करता करता गाल बराच भरून आला, आणि अकस्मात पडदा गोठला, आणि मग चितारीने पाटी लाविली की अनपेक्षित अडचणीमुळे बंद होत आहे, क्षमस्व. पहिल्याच चकमकीत रण सोडून पळणारे सरदार या बखरकाराने पुष्कळ ऐकले आहेत, परंतु प्रत्येक वेळी माफी मागून पळणारा हा एकटाच.

सेनापती धावत पॅसेजात गेले, दिवा लाविला, प्लग पाहिला, वायर पाहिली, आणि परत येऊन वर्तमान सांगितले की डिस्क निर्दोष आहे, निळा दिवा झकास लुकलुकतो आहे. मग संगणक बंद करून चालू केला. चितारी उठले आणि जणू काही घडलेच नाही ऐशा मुद्रेने कामास लागले. ओठाची कड जुळते न जुळते तोच पुनः पाटी, पुनः क्षमस्व. पुनः सेनापती पॅसेजात, पुनः दिवा, पुनः डिस्क निर्दोष. जितके काम आधी जतन केले तितके उरे, बाकी सारे पाण्यात जाई.

सेनापतींचे एक शाळासोबती संगणक दुरुस्तीचा धंदा करीत. त्यांस हकीम म्हणत. त्यांजकडे फोनवरून वकिली जाहली. हकिमांचा पहिला हुकूम आला की चितारीची नवी आवृत्ती घ्यावी. ती घेतली, चितारी नव्या आवृत्तीत नव्या अक्षरांत क्षमस्व म्हणू लागले. दुसरा हुकूम आला की चितारीस समूळ उखडून पुनः बसवावे. बसविले, तो ते पासवर्ड मागू लागले, आणि सेनापतींनी आपल्या शौर्यास साजेसा जो पासवर्ड ठेविला होता तो त्यांस आठवेना, त्यात एक सबंध दुपार कामी आली. तिसरा हुकूम, ग्राफिक्स कार्डाची कुमक तोडावी. तोडली. चौथा हुकूम, संगणकाचे पोट उघडून धूळ झाडावी. झाडली, त्यात कधीकाळी हरवलेले बाईसाहेबांचे कानातले सापडले, आणि समस्त मोहिमेत तोवर झालेला फायदा तो इतकाच. पाचवा हुकूम आला की नवा संगणक घ्या, तेव्हा फोन ठेविला गेला.

आता जी गोष्ट मोहिमेवरील कोणासही आठवत नव्हती ती वाचणाऱ्यापासून लपविण्यात अर्थ नाही. मातोश्री हयात असता पॅसेजातच कपड्यांस इस्त्री करीत, आणि इस्त्री चालू ठेवून शेजारणीशी बोलावयास जात. एकदा सरकारांचा सदरा जळाला. तेव्हा सरकारांनी अक्कलहुशारीने पॅसेजातील दिवा आणि त्याखालील सॉकेट ही दोन्ही एकाच बटणावर घेतली, की दिवा मालविला म्हणजे इस्त्री आपोआप बंद. त्याउपरि कपडे बाहेर इस्त्रीस जाऊ लागले आणि ती तजवीज सर्वांचे विस्मरणात गेली. आता व्हावयाचे ते ऐसे: खोलीचे दार खबरदारीने बंद, आत बाईसाहेब मातोश्रींचा ओठ शिवताहेत, बाहेर पॅसेजात निर्मनुष्य दिवा जळतो आहे, सरकार गस्तीवर येतात, रिकामा खिळा पाहतात, उसासा टाकतात, बटण दाबतात, आणि आत डिस्क मरते, आणि डिस्कबरोबर चितारी. मग सेनापती तपासास येणार, तर अंधारात तपास कसा करावा म्हणोन आधी दिवा लावणार, आणि दिव्याबरोबर डिस्कही जिवंत होणार. तपासास गेलेला मनुष्यच दर वेळी पुरावा पुसून येत होता, आणि वर शाबासकी मागत होता.

मोहिमेस नाना तर्क फुटले. सेनापतींनी निरीक्षण मांडिले की ब्रश मातोश्रींच्या तोंडाशी गेला की चितारी पडतात. ब्रश सदासर्वदा तोंडाशीच होता, सबब पडले तर तेथेच पडणार, परंतु हे सुचण्याइतके कोणाचे डोके ठिकाणावर नव्हते. बाईसाहेबांनी माऊस ठेविला.

"आईला नकोच असेल," त्या म्हणाल्या. "ती कधी दात दाखवून फोटो काढू द्यायची का? तोंडावर हात धरायची. आताही धरतेय."

"काहीतरी काय बोलतेस," सेनापती म्हणाले, परंतु त्यांचाही आवाज उतरला होता.

मग बाईसाहेबांनी एक युक्ती योजिली. चढलेला दात त्यांनी हळूच उतरवून शेजाऱ्याशी सरळ रांगेत बसविला, की आता तरी आईचा राग जावा. तितका वेळ सरकार बाल्कनीत पेपर वाचीत होते, सबब चितारी शांत राहिले, आणि उभयतांचा त्या भ्रमावर पक्का विश्वास बसला. सरकार पेपर मिटून उठले, आणि क्षमस्व.

दुसरे दिवशी दुपारचे चहास तिघे बसले असता सरकारांचे फर्मान सुटले की फ्रेमवाला टाळाटाळ करतो, सबब उद्या सकाळी आम्ही जातीने त्याचे दुकानी जाऊन तसबीर घेऊन येऊ. बाईसाहेबांचे तोंडचे पाणी पळाले. सरकारांनी बिस्किट चहात बुडविले आणि पुढे म्हणाले:

"आणि एक सांगा, त्या पॅसेजचा दिवा कोण चालू ठेवतं? जरा पाठ वळली की दिवा चालू. दर वेळी मीच येऊन बंद करतो. वीज काय नळाला येते?"

बाईसाहेबांनी सेनापतींकडे पाहिले, आणि सेनापतींनी बाईसाहेबांकडे, आणि दोघांचे चहा कपातच राहिले. तेव्हा इस्त्री, जळालेला सदरा आणि एकच बटण, सारे बाईसाहेबांस लख्ख आठवले. गनीम कोण ते उमगले, आणि गनिमास अप्पा म्हणावे लागते, ही खरी पंचाईत. दिवा चालू ठेवा म्हणावे तर कारण सांगावे लागणार, आणि कारण सांगावे तर भगदाड दाखवावे लागणार.

सेनापतींनी विडा उचलला. कायदा म्हणतो, माणूस नाही तेथे दिवा नाही. मग माणूसच बसवावा! सबब ते स्वतः स्टूल आणि पेपर घेऊन पॅसेजातील दिव्याखाली ठाण मांडून बसले, आणि आत बाईसाहेबांनी अखेरचा हल्ला चढविला. गाल जुळला, वरचा ओठ जुळला, खालचा ओठ जुळला, चितारीने चकार शब्द काढिला नाही. आता दाताजवळची एक चीर राहिली होती. इतक्यात सरकारांची गस्त आली. त्यांनी जावयास पाहिले आणि दिव्याकडे पाहिले. कायद्याने हात बांधले, बटण दाबता येईना. परंतु सरकार मनाचे दयाळू.

"जावईबापू, या कोंदट जागेत काय वाचत बसलाय? डोळे जातील. बाल्कनीत चला, छान उजेड आहे."

"नको अप्पा, इथेच बरं वाटतं."

"बरं कसलं वाटतं? हवा नाही, काही नाही. उठा, उठा."

चितारीसमोर, हकिमांसमोर आणि पासवर्डासमोर न डगमगलेला सेनापती सासऱ्याचे मायेसमोर टिकला नाही. सरकारांनी त्याचा दंड धरून त्यास उठविले, स्टूल स्वतः उचलले, आणि निघता निघता, सवयीने, बटण दाबले.

आतून बाईसाहेबांची आरोळी आली: "अप्पा, तो दिवा लावा!"

दार उघडले. पडद्यावर क्षमस्व होते, आणि टेबलावर फाटकी तसबीर आणि काच उघडी पडली होती. सरकार स्टूल हातात घेऊन दारात उभे राहिले. बाईसाहेबांनी लपवाछपवी सोडून दिली आणि रडत रडत सारे सांगितले, की फ्रेमवाला नाही, कुणी नाही, मीच ओढला, माझ्याच हातून आईचं तोंड फाटलं, तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही, आणि जोडायला घेतलं की हे बंद पडतं.

सरकारांनी स्टूल खाली ठेविले. काच उचलून उजेडाकडे धरिली, तीत मातोश्रींचे हसू तेवढे तरंगत होते. मग त्यांचे खांदे हलू लागले. बाईसाहेबांस वाटले की अप्पा रडताहेत. परंतु सरकार हसत होते, आणि डोळे पुशीत होते, आणि पुनः हसत होते.

"तुला ठाऊक आहे का, ती का हसली ते? आम्ही दोघं तिथे बसलो होतो. फोटोग्राफर म्हणाला, तयार? आणि दिवे गेले. अख्ख्या रस्त्याचे. आमच्याच केंद्रातून! मी नवा कोट घालून बसलेला, नुकताच पाळीप्रमुख झालेला, लग्नाआधी तिच्या वडिलांपुढे केवढ्या बढाया मारलेल्या. ती जी हसत सुटली, ती दिवे आले तरी थांबेना. त्यातच त्यानं खटका दाबला." सरकारांनी काच अलगद खाली ठेविली. "तिच्या फोटोच्या वेळी दिवा घालवायचं काम माझंच आहे, बाळ. तुझं काही चुकलं नाही."

बाईसाहेब बापाचे खांद्यास डोके लावून राहिल्या, आणि सेनापती उगीचच माऊसची वायर सरळ करीत बसले.

त्याउपरि खुद्द सरकारांनी मोहिमेची सूत्रे घेतली. टेस्टर आणि पक्कड बाहेर निघाली, मेनस्विच पडला, आणि पॅसेजातील सॉकेट दिव्यापासून तोडून स्वतंत्र बटणावर गेले. जावईबुवांस टॉर्च धरण्याची कामगिरी मिळाली, ती त्यांनी चोख बजाविली, आणि टॉर्च काम संपताच बंद करा ऐसा हुकूमही झेलला. मग सरकार खुर्ची ओढून संगणकापाशी बसले, चष्मा पुसून पडद्यात डोकावले, आणि म्हणाले:

"हे काय? हा दात असा नव्हता."

"सरळ केला, अप्पा. आईला आवडला असता."

"तिला आवडला असता. पण मला नाही आवडत. आहे तिथे चढव परत."

आज्ञेप्रमाणे दात पूर्ववत शेजाऱ्यावर चढविला. शेवटली चीर बुजली. पुष्कळ वेळ गेला, सरकार पाणी प्यावयास दोनदा उठले, पॅसेजातून गेले, आले, दिवा लाविला, मालविला, आणि चितारी जागचे हलले नाहीत. फाइल जतन जाहली. सेनापतींनी आनंदाचे भरात हकिमांस फोन करून वर्तमान कळविले, तेव्हा हकीम म्हणाले की ग्राफिक्स कार्डाचाच दोष असणार, हे मी आधीच सांगितले होते.

तसबीर छापून आली. फ्रेमवाल्याकडे या वेळी तिघेही गेले, आणि काच व तसबीर यांमध्ये बोटभर पुठ्ठ्याची कड घालवून घेतली, की पुनः एकमेकांस चिकटू नयेत. सरकारांनी स्वहस्ते ती खिळ्यावर चढविली, मागे सरून पाहिली, डावी बाजू किंचित वर घेतली, आणि पाहत राहिले. मग सर्वजण चहास निघाले. जावईबुवा सर्वांमागे होते. या मोहिमेत त्यांस एवढे शिक्षण निश्चित मिळाले होते की रिकाम्या पॅसेजात दिवा ठेवू नये. त्यांनी हात पुढे करून बटणावर बोट ठेविले.

"राहू द्या," सरकार वळून म्हणाले. "माणूस आहे तिथं."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. चितारी शरण आले, डिस्क स्वतंत्र जाहली, क्रिकेटचे सामने सेनापतींनी खुशीने पुसून टाकिले, हे शेवटचे एवढे एक वगळून बाकी सर्व खरे. हा मजकूर तिघांस वाचून दाखविला. कोणी हरकत घेतली नाही, फक्त सरकारांनी सुचविले की वायरिंगचे कलम आणखी तपशीलवार हवे. ते वाढविले नाही. कलम खाली ठेवते वेळी महालातील सर्व दिवे मालवले आहेत, आणि पॅसेजातील चालू असे.